शर्यतीची म्हणून विकायला आलेली जुनी मोटारसायकल: पैसे मोजण्याआधी इतिहास कसा तपासायचा

सांगली-मिरजेकडं जुन्या गाडीची बातमी येते ती अशी: "गावभागात एका वाड्याच्या सोप्यात जुनी विलायती बीएसए मोटारसायकल उभी आहे. आजोबा मद्रासला रेस खेळायचे, तीच गाडी. घरच्यांना काढायची आहे, तू लवकर बघून घे लगा." हे ऐकलं की हात आपोआप खिशाकडं जातो. माझा दोनदा गेला. पहिल्यांदा पैसे बुडाले. दुसऱ्यांदा आठ महिने गेले, पण गाडी कागदासकट घरी आली. तुमचे पैसे आणि निदान निम्मे महिने तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पहिली गाडी राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून यामाहाच्या आरडी३५०बीवरून इथं बनवलेली. त्यातली सुरुवातीची हाय टॉर्क ३०.५ अश्वशक्तीची, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा जीव. विकणारा म्हणाला, "मद्रासजवळ सोलावरमच्या रेसमध्ये पळालेली आहे, पुढची डिस्क बघा की." आपल्याकडच्या राजदूतला पुढं ड्रम ब्रेक यायचा हे मला ठाऊक होतं. त्यामुळं डिस्क बघून शंका यायच्या ऐवजी उलट खात्रीच पटली! नाव चढवायला गेलो तेव्हा कळलं, आरसी बुकातली गाडी कधीच भंगारात तुटली होती. कागद एकीचे, सांगाडा दुसरीचा. ती गाडी आजही ताडपत्रीखाली आहे.

तेव्हापासून एक हिशेब पाळतो. अशा सौद्यात आपण गाडी घेतो आणि तिच्याबरोबर एक गोष्टही घेतो. लोखंडाचा भाव वेगळा, गोष्टीचा वेगळा. गाडी खरी निघाली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. दोन्हींची तपासणी वेगवेगळी करायची.

सोबत काय न्यायचं

- चांगली बॅटरी आणि भिंग
- छोटा लोहचुंबक
- बटर पेपर आणि मऊ पेन्सिल
- डिझेलचा फडका, जुना टूथब्रश
- व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी)
- वही. मोबाइलवर फोटो काढाच, पण नंबर हातानं लिहून घ्या. फोटोत ३ आणि ८ मध्ये फरक कळत नाही.
- जमलं तर एक जुना मिस्त्री. मी मिरजेच्या एका चाचांना नेतो. ते पहिली दहा मिनिटं गाडीला हात लावत नाहीत, नुसते भोवती फिरतात.

पॉलिश पेपर घरी ठेवा. का ते पुढं येईल.

१. आधी गोष्ट ऐका आणि लिहून घ्या

गाडीवरची चादर काढण्याआधी घरच्यांना बोलू द्या. कुणी घेतली, कुठल्या साली, कुणाकडून, कुठं पळवली, शेवटची कधी चालू होती, इंजिन कुणी उघडलं. मध्ये बोलू नका. "म्हणजे सोलावरमलाच ना?" असं आपण विचारलं की समोरचा हो म्हणतो, आणि पुढच्या वेळी ते त्याचंच वाक्य होऊन बसतं.

प्रत्येक वाक्यापुढं लिहा: स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. बहुतेक घरं खोटं बोलत नाहीत. पन्नास-साठ वर्षं तीच गोष्ट सांगून सांगून ती गुळगुळीत झालेली असते, एवढंच.

२. कागद

इथं घाई करणारा माणूस फसतो. क्रमानं घ्या.

मूळ आरसी बुक मागा, झेरॉक्स नको. सगळी पानं बघा: पहिली नोंद, मालकांची साखळी, टॅक्सच्या नोंदी, कर्जाचा बोजा. बुकातले इंजिन आणि चासी नंबर वहीत उतरवा. जुन्या बुकात कारकुनाच्या हातच्या चुका असतात, त्यामुळं एखादं अक्षर इकडंतिकडं असलं म्हणून गाडी लगेच बाद करू नका. पण अख्खा आकडाच वेगळा असेल तर थांबा. १ जुलै १९८९ पासून एमएचची मालिका सुरू झाली. सांगलीला एमएच-१०, साताऱ्याला एमएच-११. साठच्या दशकातली म्हणून सांगितलेली गाडी पहिल्याच नोंदीत एमएच-१० असेल, तर मधली वीस-तीस वर्षं ती कुठं होती हे विचारायला हवं.

मालक हयात नसतील तर वारसांच्या नावावर गाडी झाली आहे का ते बघा. त्याला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते. पुण्यातला एक भाऊ सही करतो आणि मुंबईतली बहीण वर्षभरानं विचारते, "आबांची गाडी कुणी विकली?" हे सांगलीत नवीन नाही.

आरटीओकडून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढून घ्या. अर्ज मालकाच्याच सहीनं करा. तिऱ्हाइतानं माहितीच्या अधिकारात मागितलं तर खासगी माहिती म्हणून नाकारू शकतात. एम-परिवहन ॲपवर गाडी दिसली नाही तर घाबरू नका, फार जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नसतात. नोंद रजिस्टरात शोधावी लागते आणि त्याला दोन-तीन खेपा पडतात. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर इंजिन-चासी नंबर टाकून चोरीच्या नोंदीचा दाखलाही काढा. चाळीस वर्षांपूर्वीची चोरी त्यात सापडेल अशी आशा ठेवू नका, पण तुमच्या फाइलला तो हवा.

आता आपल्याकडचा खास मुद्दा: "कागद महापुरात गेले."

२००५, २०१९, २०२१. कृष्णेनं आपल्याला तीनदा बुडवलं, आणि खरोखर हजारो घरांची कागदपत्रं गेली. म्हणून हे वाक्य ऐकलं की आपण माणुसकीनं गप्प बसतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तुम्ही गप्प बसू नका, सहज विचारा: घर कुठं, तेव्हा आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट होतं, पाणी सोप्यापर्यंत आलं की माळ्यापर्यंत? मग गाडी बघा. पुराचा गाळ सहजासहजी निघत नाही. ब्रेकच्या ड्रमात, हेडलाइटच्या वाटीत, मॅग्नेटोच्या झाकणाखाली, सीटखालच्या कोपऱ्यात तो बारीक तपकिरी पिठासारखा बसतो. कागद बुडाले आणि त्याच खोलीतली गाडी कोरडी ठणठणीत, असं कसं? घर उंचावर असेल तर कागदाला पाणी लागलंच कुठून? आणि कागद खरंच गेले असतील तर उपाय आहे: पोलिसांत गहाळ नोंद आणि फॉर्म २६ वर दुय्यम आरसी. ती काढायचं काम विकणाऱ्याचं, आणि सौद्याच्या आधी. "तुम्ही घ्या, मग काढू" याला सरळ नाही म्हणा.

निव्वळ शर्यतीसाठी आलेल्या काही गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी कधी झालीच नव्हती. ना दिवा, ना हॉर्न, ना बुक. अशा गाडीला परदेशातून आल्याचा कस्टमचा कागद, बिल ऑफ एन्ट्री, मागा. तोही नसेल तर ती दिवाणखान्यात ठेवायची वस्तू समजा आणि तसाच भाव द्या.

३. नंबर

डिझेलच्या फडक्यानं नंबराची जागा हलक्या हातानं पुसा. घासायचं नाही. पॉलिश पेपर मारला की वरचा थर जातो, आणि तुम्हीच खाडाखोड केली असं उद्या कुणीही म्हणेल. बटर पेपर ठेवून पेन्सिल फिरवा. आरटीओत घेतात तसा चासी प्रिंट मिळतो आणि डोळ्याला न दिसणारं त्यावर उमटतं.

बघायचं काय? अक्षरं एका ओळीत आहेत का, खोली सारखी आहे का, आजूबाजूचा पृष्ठभाग ओतीव आहे की फाइल मारल्यासारखा सपाट. कारखान्यातही पंच हातानंच मारायचे, त्यामुळं किंचित वाकडेपणा चालतो. उलट फारच सुबक, आजच्या पंचाची कोरी अक्षरं दिसली तर सावध व्हा. आपल्याकडं कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर काय तयार होत नाही? ते कौशल्यच आहे, पण त्याच कौशल्यातून कोरा क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, जुना होतो.

इंजिन खाली उतरवलेलं असेल तर क्रॅंककेसच्या दोन्ही अर्ध्यांच्या खालच्या बाजूला जोडीचा आकडा शोधा. ब्रिटिश गाड्यांत दोन्ही अर्धे एकत्र मशीन करून तोच आकडा दोन्हींवर मारत. आकडे वेगळे असतील तर एक अर्धा कुठून तरी आणलाय. शर्यतीच्या गाडीत हे वावगं नाही, इंजिनं फुटायची. पण विकणाऱ्यानं ते आपणहून सांगायला हवं होतं.

"मॅचिंग नंबर" या शब्दाला भुलू नका. १९५० च्या दशकातल्या ट्रायम्फमध्ये इंजिन आणि फ्रेमचा नंबर सारखा असायचा. बीएसए गोल्ड स्टारमध्ये दोन्ही वेगळेच असायचे. कुणी गोल्ड स्टार दाखवून "दोन्ही नंबर सेम आहेत, साहेब" म्हणालं, तर मागं फिरा.

४. गाडी सांगितलेल्या जातीचीच आहे का

माझ्या दुसऱ्या गाडीचं, गोल्ड स्टारचंच उदाहरण घेतो. इंग्लंडच्या ब्रुकलंड्स ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली की छातीवर लावायला सोन्याचा तारा मिळायचा. १९३७ मध्ये वॉल हँडलीनं बीएसएवर तो मिळवला आणि तिथून गाडीला नाव पडलं. शेवटचं आणि सगळ्यात मागणी असलेलं मॉडेल डीबीडी३४, १९५६ ते १९६३. तिचीच घरातली साधी बहीण म्हणजे बी३३. बहिणीला नटवून गोल्ड स्टार म्हणून विकणं हा जगभरचा जुना धंदा आहे.

- लोहचुंबक सिलिंडरला लावा. गोल्ड स्टारचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, चुंबक चिकटत नाही. बी३३ चा ओतीव लोखंडाचा. पण नवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक विकत मिळतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.
- बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून काही सिद्ध होत नाही. दोन्हींचा बोअर ८५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८ मिलिमीटरच आहे.
- इंजिन नंबर डीबीडी३४जीएस नं सुरू व्हायला हवा. जीएस ही दोन अक्षरं नंतर मारलेली नाहीत ना, भिंगातून बघा.
- फ्रेमवर सीबी३२ दिसलं तर "ही ३५० ची फ्रेम" म्हणून नाक मुरडू नका. त्या काळात ३५० आणि ५०० दोन्हींच्या फ्रेमला तेच अक्षरगट होते. मी स्वतः यावर दोन आठवडे रुसून बसलो होतो.
- गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी ऑइल पंपाला जागा द्यायला किंचित वाकवलेली असते. बसून बघा. चाचा भोवती फिरत होते ते हेच बघायला.
- गिअरबॉक्सवर आरआरटी२ असेल तर ती शर्यतीची जवळच्या गिअरांची पेटी. हीसुद्धा नंतर बसवता येते.

अमाल जीपी कार्ब्युरेटर, क्लिप-ऑन हँडल, मोठा मेगाफोन सायलेन्सर, टाकीवर रंगवलेला नंबर, यांना पुरावा म्हणून शून्य किंमत. ते सगळं पार्सलनं येतं.

५. कारखान्याची वही

हे काम घरबसल्या होतं, तरी बहुतेक लोक करत नाहीत. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यातून गाडी निघताना वहीत नोंद व्हायची: इंजिन नंबर, फ्रेम नंबर, तारीख, कुणाकडं पाठवली. त्या वह्या आज इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट इथल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडं जपलेल्या आहेत. नंबराचे प्रिंट आणि फोटो पाठवून, फी भरून नोंदीचा दाखला मागवता येतो. नंबर पाठवताना आपल्या मनानं दुरुस्त करू नका, दिसतो तसाच पाठवा.

माझा दाखला आला तेव्हा इंजिन आणि फ्रेम एकाच ओळीत होते. म्हणजे जोडी मूळची. जीव भांड्यात पडला. तारीख १९६१ ची होती. ती मी तेव्हा नुसती वाचली आणि पुढं गेलो.

६. शर्यतीचा पुरावा

सोलावरम म्हणजे मद्रासजवळची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथं शर्यती भरवायचा. पुढं १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. दक्षिणेत किंवा आपल्याकडं जी काही जुनी "रेसची" गाडी निघते तिच्या तोंडी सोलावरमचंच नाव असतं. तिथं पळालेल्या गाड्या मोजल्या तर एवढ्या भरणार नाहीत.

पुरावा म्हणून लोक दाखवतात: शर्यतीची छापील पुस्तिका, वर्तमानपत्राचं कात्रण, कप, फोटो. पुस्तिकेत स्वाराचं नाव आणि गाडीची कंपनी असते, फ्रेम नंबर नसतो. म्हणजे तो माणूस पळाला हे सिद्ध होतं, ही गाडी पळाली हे नाही. कपाचंही तेच. गाडीला चिकटणारा खरा पुरावा म्हणजे नंबर लिहिलेला तांत्रिक तपासणीचा कागद, त्या काळातलं खरेदी-विक्रीचं पत्र, किंवा असा फोटो ज्यातली एखादी खूण आजही गाडीवर आहे: टाकीचा पोचा, वेल्डिंगचा टाका, जास्तीचं भोक.

फोटो बघायची रीत सांगतो. आधी अक्षरं वाचा. उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापलीय, आणि डावं-उजवं सगळं फिरलं. मग माणसाचा चेहरा अंगठ्यानं झाका आणि नुसती गाडी बघा.

हे अंगठ्याचं मी माझी गोल्ड स्टार जिथं उभी होती त्या वाड्यात शिकलो. भिंतीवर आजोबांचा फोटो होता. चामड्याचं जाकीट, समोरून काढलेला, मोटारसायकलवर २७ नंबर, मागं पेन्सिलीनं "सोलावरम, १९५९". घरात सगळ्यांनी तो फोटो हजार वेळा पाहिलेला. मीही चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी चाचा बरोबर होते. चष्मा वर करून म्हणाले, "बेटा, नळ्या कितने है?"

दोन. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी एकेक धुराची नळी खाली आली होती. गोल्ड स्टारला एकच सिलिंडर आणि एकच नळी. फोटोतली गाडी जुळ्या सिलिंडरची, कुठली तरी वेगळीच. मग मला वहीतली तारीख आठवली. सोप्यातली गाडी बर्मिंगहॅमहून निघाली १९६१ ला. १९५९ च्या शर्यतीत ती पळणार कशी?

आजींना सांगायचं धाडस मला होईना. दोन दिवस टाळलं. शेवटी सांगितलं तर त्या फोटोकडं बघत म्हणाल्या, "म्हणजे हे पळाले ते खरं ना?" म्हटलं, "आजी, ते शंभर टक्के खरं." "मग झालं. गाडी काय, ह्यांनी चार बदलल्या असतील."

त्यांच्या मुलानं मात्र शर्यतीचा म्हणून सांगितलेला भाव त्याच दिवशी सोडला. सगळे विकणारे असे नसतात. काही जण भांडतात, काही जण आठवड्यानं नवा फोटो घेऊन येतात.

७. जुनी माणसं

गाडीवर काम केलेला मिस्त्री, शेजारी, जुना खरेदीदार. एकेकट्याला भेटा. "ही गाडी ओळखता का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ज्याला खरंच आठवतं तो बक्षिसांचं बोलत नाही. किक उलटी मारायची, अमुक नट कायम गळायचा, असलं काही तरी बोलतो.

८. विसार आणि करार

तपासणी पुरी होईपर्यंत मोठा विसार देऊ नका. द्यावाच लागला तर ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा आणि त्यात लिहा: दोन्ही नंबर, दिलेल्या कागदांची यादी, नंबरात खाडाखोड किंवा वारसांचा वाद निघाल्यास पैसे परत. गोष्टीचा भाव देत असाल तर ती गोष्टही करारात उतरवा: अमुक साली, अमुक ठिकाणी, हीच गाडी. तोंडानं तासभर रंगवून सांगणारे कितीतरी जण हे वाक्य लिहायची वेळ आली की चहा मागवतात. पैसे खात्यावरून द्या. खाडाखोड झालेली गाडी पोलिसांनी उचलली तर चोरीचा माल घेतल्याचा प्रश्न तुमच्यावरही येतो.

९. घेतल्यानंतर

त्याच राज्यातली नोंद असेल तर विकणाऱ्यानं फॉर्म २९ नं चौदा दिवसांत कळवायचं आणि तुम्ही तीस दिवसांत फॉर्म ३० द्यायचा. मालकी बदलाच्या या कामाला आपल्याकडं टीटीओ म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवू नका.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज बाजारात न्यायला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. विकली-घेतली तर दोघांनी नव्वद दिवसांत कळवायचं. अट अशी की चासी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. शर्यतीसाठी फ्रेम कापलेली गाडी इथं अडकू शकते, म्हणून मालक "रेसिंग मॉडिफिकेशन" म्हणून अभिमानानं दाखवत असेल ते आधी नीट बघा. आणि राजदूत ३५० वाल्यांनो, १९८३ मध्ये पन्नास मिळवा: २०३३ पर्यंत थांबा.

सगळे कागद एका फाइलमध्ये लावा: प्रिंट, दाखला, करार, आणि पहिल्या दिवशी लिहिलेली गोष्टही. माझ्या फाइलमध्ये त्या फोटोची प्रत आहे. आजींनी स्वतः दिली. तिच्यामागं मी लिहून ठेवलंय, "सोलावरम, १९५९. स्वार खरा. गाडी ही नव्हे." ती जुळ्या सिलिंडरची कुठं गेली, ते कुणाला माहीत असेल तर कळवा.